लॅटिनची चार रूपे आणि आपल्या घरातली मराठी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लॅटिन क्रियापदांवरचा लेख पाहून वाचकांस किंचित नवल वाटेल. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू आणि दिवंगत कार्यकर्त्यांच्या आठवणी या विषयांत हा परका पाहुणा कोठून आला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर करोल बागेतल्या मराठी घरांतच सापडते, म्हणून प्रथम तिकडे वळतो.

करोल बागेत मराठी माणूस मुख्यतः दोन वाटांनी आला. एक वाट केंद्र सरकारच्या कचेऱ्यांची. तिच्यावरून आमच्यासारखे नोकरदार आले. दुसरी वाट सोन्याचांदीच्या गलाईची. तिच्यावरून सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातले कसबी कारागीर बँक स्ट्रीटच्या परिसरात येऊन स्थिरावले. दोघांच्याही पहिल्या पिढीची मराठी गावाहून सोबत आलेली होती. तिसऱ्या पिढीची मराठी मात्र येथेच, अजमल खाँ रोडच्या गजबजाटात घडत आहे. ही मुले मराठी बोलत नाहीत असे नाही. ती बोलतात, परंतु ‘आजीने सांगले’, ‘मी अभ्यास करला’, ‘मला बक्षीस मिळला’ असे बोलतात. धातू अचूक असतो, रूप मात्र अडते. पुण्यात किंवा विट्यात वाढणाऱ्या मुलास ‘सांगितले’, ‘केला’, ‘मिळाले’ ही रूपे कोणी शिकवत नाही. दिवसातून शंभर वेळा ती त्याच्या कानांवर पडतात. ज्या मुलास तो शेजार लाभत नाही, त्याने ही रूपे कशी शिकावी?

हा प्रश्न जगात प्रथम आपल्यापुढेच उभा राहिलेला नाही. युरोपने तो लॅटिनच्या बाबतीत हजारावर वर्षे सोडवला आणि मुंबई इलाख्याने तो एकोणिसाव्या शतकात संस्कृतच्या बाबतीत सोडवला. त्या इतिहासाचे थोडे अवलोकन करण्याचा येथे विचार आहे.

लॅटिन क्रियापदाची शंभराहून अधिक रूपे होतात. ती सर्व घोकणे अशक्यप्राय असल्याने शिक्षकांनी एक युक्ती रूढ केली. प्रत्येक क्रियापदाची चारच मुख्य रूपे पाठ करावयाची. ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या क्रियापदाची चार रूपे अशी: आमो, आमारे, आमावी, आमातुम्. पहिले वर्तमानकाळी प्रथमपुरुषाचे, दुसरे आपल्या ‘-णे’सारखे भाववाचक, तिसरे पूर्ण भूतकाळाचे आणि चौथे ज्यावरून ‘केलेला’, ‘दिलेला’ अशा अर्थाची विशेषणे साधतात ते. ही चार हाती असली म्हणजे बाकीची सर्व नियमाने तयार करता येतात. नियमित क्रियापदांचे चार वर्ग आहेत. जी त्यांत बसत नाहीत त्यांची चार रूपे स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावी लागतात. ‘वाहून नेणे’ या अर्थाचे क्रियापद फेरो, फेर्रे, तुली, लातुम् असे चालते. पहिल्या रूपावरून तिसऱ्याचा तर्क कोणासही करता येणार नाही. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी ‘जातो’ आणि ‘गेलो’ ही आपली जोडी आठवावी.

चौथ्या शतकात रोममध्ये एलिउस डोनाटुस नावाचा व्याकरणशिक्षक होऊन गेला. त्याचे लहान व्याकरण प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले होते. ते मध्ययुगीन युरोपात इतके रुळले की त्याच्या नावावरून प्राथमिक पुस्तकालाच ‘डोनाट’ म्हणू लागले. त्याच्या काळी लॅटिन ही घराघरांत बोलली जाणारी भाषा होती. पुढे लोकांची बोली बदलत गेली. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेने प्रवचने लोकांच्या बोलीत करावीत असा ठराव केला, तेव्हा सामान्य माणसास लॅटिन समजेनाशी झाली होती हे उघड आहे. तथापि भाषा संपली नाही. न्यूटनने आपला ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. हंगेरीत तर १८४४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. सरकारी टिपणीच्या भाषेशी आयुष्यभर झुंजणाऱ्या आमच्यासारख्यांस हे वाचून तेथील कारकुनांविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. ज्या भाषेत हजार वर्षे कोणा आईने मुलास जेवू घातले नाही, ती भाषा एवढा काळ टिकली, यात शाळेत घोकलेल्या रूपांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हेच कार्य धातुपाठाने केले. पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठात सुमारे दोन हजार धातू दहा गणांत विभागले आहेत, आणि प्रत्येक धातूस चिकटवलेली खुणेची अक्षरे त्याच्या रूपांची माहिती देतात. ‘कृ’ धातू तेथे ‘डुकृञ्’ असा येतो. शेवटच्या ‘ञ्’वरून तो परस्मैपद व आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो हे कळते, तर आरंभीच्या ‘डु’वरून त्यापासून ‘कृत्रिम’ हा शब्द साधतो हे कळते. लॅटिन शिक्षकाने जे चार शब्दांत सांगितले ते आपल्या वैयाकरणांनी दोन अक्षरांत बसवले. मात्र या खुणा उकलण्यासाठी गुरू लागे आणि पुष्कळ वर्षे लागत. पाठशाळेतला मुलगा रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत करी. अर्थ मागाहून येई. हे सारे शिक्षण कानाचे होते.

लॅटिनची पद्धत आणि आपल्या भाषा यांची पहिली भेट गोमंतकात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे आपणांस ठाऊक आहे. त्यानेच तेथील कोकणीचे व्याकरणही पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्याच्या निधनानंतर, १६४० साली रायतूरलाच प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीची आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसास कानाने शिकण्याचे बालपण येथे मिळालेले नव्हते. त्याने रूपांचे कोष्टक मांडले, आणि त्या आधारावर पुढे आलेले पाद्री ही भाषा शिकले. त्यानंतर विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. मराठी माणसासाठी मराठीत लिहिलेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, आणि त्यावरही इंग्रजी शालेय व्याकरणाची छाया आहे. म्हणजे मराठीची रूपे कोष्टकात मांडण्याची आरंभीची गरज परक्यांस पडली. ज्यांच्या घरात भाषा होती त्यांना ती गरज भासली नव्हती. आज करोल बागेत आपली मुलेच काहीशी त्या परक्यांच्या जागी आहेत.

दरम्यान कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते विद्वानांपुढे मांडले. १८१६ साली फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने संस्कृत क्रियापदांची रूपे ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन रूपांशी ताडून पाहणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. हे शास्त्र क्रियापदांच्या रूपांतून जन्मले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लॅटिनमध्ये ‘देणे’ची रूपे दो, दारे, देदी, दातुम् अशी आहेत, आपल्याकडे ददामि, ददौ, दत्त. ‘जोडणे’ची रूपे युंगो, युंगेरे, युंक्सी, युंक्तुम्, आपल्याकडे युनक्ति, युक्त. त्याच कुळातला लॅटिन ‘युगुम्’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’. ‘असणे’ची रूपे सुम्, एस्से, फुई अशी आहेत, त्यांतील पहिली दोन आपल्या ‘अस्’ धातूची भावंडे, तर तिसरे ‘भू’ धातूचे.

आता मुंबईकडे येऊ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि तीत २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्याच सुमारास विलायतेत सनदी नोकरीसाठी स्पर्धा-परीक्षा सुरू झाली होती. १८५५ च्या पहिल्या योजनेत ग्रीक व लॅटिन यांस प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबी यांस प्रत्येकी ३७५. हिंदुस्थानचा कारभार करावयास निघालेल्या तरुणास ‘आमो, आमारे’ येण्याचे मोल ‘करोति, कुरुते’ येण्याच्या दुप्पट ठरले. कोणती भाषा श्रेष्ठ, हे गुणपत्रिकेने ठरवण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे.

या हवेत मुंबई विद्यापीठाच्या धुरिणांनी १८६० च्या दशकात उच्च परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा वगळल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन आदी अभिजात भाषांस स्थान दिले. त्याने संस्कृतचा फायदा झाला, मराठीचे नुकसान झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठीच्या पुनःप्रवेशासाठी दीर्घकाळ झगडा दिला. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस मराठीचा एम. ए. च्या परीक्षेत शिरकाव झाला. महाराष्ट्राच्या राजधानीतल्या विद्यापीठातदेखील मराठीस दारात उभे राहावे लागले होते, हे दिल्लीत मराठीसाठी धडपडणाऱ्यांनी विसरू नये.

याच संधिकाळात रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे आले. मालवणात जन्मलेले भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. १८६४ साली त्यांचे ‘मार्गोपदेशिका’ हे संस्कृतचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. युरोपात लॅटिन शिकवताना थोडा नियम, थोडे शब्द आणि दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये अशी पाठांची चढती मांडणी करीत. ती पद्धत भांडारकरांनी संस्कृतास लावली, आणि दहा गणांच्या परंपरागत क्रमाऐवजी सोपे गण अगोदर घेतले. आधी सारे पाठ करून मग वाचावयाचे, ही जुनी शिस्त बाजूस सारून पहिल्या धड्यापासून वाक्य हाती दिले. ज्याच्या घरी शास्त्रीबुवा नव्हते त्या मुलाससुद्धा आता संस्कृतची क्रियापदे गाठता येऊ लागली. पुढे महाराष्ट्रात संस्कृत शिकलेल्या अनेक पिढ्या या पुस्तकावर पोसल्या.

त्या पद्धतीतून काय घडले याचे एक दर्शन दिल्लीकरांस जवळून घडले आहे. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अर्थसंकल्पाचे आकडे हाताळणाऱ्या या गृहस्थांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला आणि संस्कृतात काव्यरचनाही केली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी बोलके आहे. संस्कृत त्यांना घरातच, आईच्या तोंडून मिळाले. म्हणजे ते कानाने आले. ग्रीक आणि हिब्रू मात्र त्यांनी मोठेपणी पुस्तकांवरून, रूपे जुळवीत आत्मसात केल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाला. कानाची वाट आणि कोष्टकाची वाट, दोन्हींनी चाललेले एवढे मोठे दुसरे मराठी नाव आम्हांस आठवत नाही.

परंतु कोष्टक छापून निघाले म्हणजे ते सर्वांच्या हाती पडते असे नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. मार्गोपदेशिका निघून तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केले. इतकेच नव्हे, तर १९४९ साली याच दिल्लीत, राजभाषेचा प्रश्न निघाला असता, संस्कृतच्या बाजूच्या सूचनेस पाठिंबा दिला. कानाने येणारी भाषा जन्माने मिळते. कोष्टकाने येणारी भाषा कष्टाने मिळू शकते. पण त्यासाठी कोणी तरी दार उघडे ठेवावे लागते.

आता घरच्या मराठीकडे पाहू. ‘केले’, ‘गेला’, ‘मेला’ ही रूपे मुलांस वेडीवाकडी वाटतात, कारण ‘कर’पासून ‘केले’ कसे झाले हे त्यांना दिसत नाही. वस्तुतः ही रूपे अति प्राचीन आहेत. कृत, गत, मृत ही संस्कृत विशेषणे प्राकृतातून झिजत आली आणि त्यांना ‘ल’ जोडला जाऊन केला, गेला, मेला झाले. हा जो ‘त’, तोच लॅटिनच्या चौथ्या रूपातल्या ‘दातुम्’, ‘युंक्तुम्’मधला ‘त’. आपल्या ‘मृत’चा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये ‘मोर्तुउस्’ असा आहे. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ असे क्रियापद कर्माच्या मागे जाते, तेही याच कारणाने: मुळात ‘माझ्याकडून आंबा खाल्ला गेला’ अशी ती रचना आहे. हिंदीतही ही चाल आहे, परंतु हिंदीत नपुंसकलिंग उरलेले नाही. म्हणून दिल्लीतला मुलगा ‘मी पत्र लिहिला’ म्हणतो. त्याच्या मनातले ‘पत्र’ हिंदी पुल्लिंगी असते.

लॅटिनच्या रीतीने मराठी क्रियापदाचीही चार मुख्य रूपे मांडता येतील. नमुन्यादाखल काही देतो:

करणे, करतो, करीन, केले.
घेणे, घेतो, घेईन, घेतले.
देणे, देतो, देईन, दिले.
खाणे, खातो, खाईन, खाल्ले.
घालणे, घालतो, घालीन, घातले.
धुणे, धुतो, धुईन, धुतले.
जाणे, जातो, जाईन, गेलो.
येणे, येतो, येईन, आलो.
होणे, होतो, होईन, झालो.
बसणे, बसतो, बसेन, बसलो.
निघणे, निघतो, निघेन, निघालो.
पळणे, पळतो, पळेन, पळालो.

मुलींनी ‘करते’, ‘गेले’ असे म्हणावे. जाणकारांच्या ध्यानात येईल की ‘करीन’ आणि ‘बसेन’ यांतला ‘ई’ व ‘ए’ यांचा भेद उगाच नाही. जुन्या वैयाकरणांनी तो सकर्मक व अकर्मक धातूंशी जोडला आहे, जरी बोलण्यात आता ‘करेन’ही ऐकू येते. यांत सांगितले, मागितले, म्हटले, पाहिले, मिळाले अशा आणखी काही रूपांची भर घातली की घरात लागणाऱ्या आडमुठ्या क्रियापदांचा बराचसा हिशेब पुरा होतो. संस्कृतचे दहा गण आणि दहा लकार जेथे शाळेत शिकतात, तेथे एवढे ओझे काहीच नाही. आपल्यांपैकी कितीतरी मुले शाळेत तिसरी भाषा म्हणून संस्कृत घेतात व ‘गच्छति, गच्छतः, गच्छन्ति’ न चुकता म्हणून दाखवतात. ‘गेला, गेली, गेले’ हे त्याच झाडाचे फळ आहे, एवढे त्यांना कोणी दाखवून दिले पाहिजे.

या कोष्टकाचा उपयोग केवळ नातवंडांसच होईल असे नाही. करोल बागेतल्या मराठी घरांत आज पंजाबी, बंगाली, तमिळ सुना आणि जावई आहेत. त्यांपैकी कित्येकांस मराठी शिकण्याची मनापासून इच्छा असते. आणि त्यांनी चुकीचे रूप उच्चारले की आपण हसतो. त्या हसण्याने अनेकांचे मराठी कायमचे थांबले असेल. हसण्याऐवजी त्यांच्या हाती चार रूपांचा कागद देणे हे दार उघडे ठेवण्यासारखे आहे.

तथापि लॅटिनच्या इतिहासातला दुसरा धडाही विसरता कामा नये. कोष्टकाने लॅटिन टिकली, पण ती ग्रंथांत, धर्मविधींत आणि परीक्षांत टिकली. रोमन कॅथलिक उपासनेतही १९६० च्या दशकापासून लोकभाषा आल्या, आणि लॅटिनचा तो आश्रयही आक्रसला. ज्या भाषेत रागावता येत नाही, लाडे लाडे बोलता येत नाही, भाजीचा भाव विचारता येत नाही, तिची रूपे कितीही शुद्ध असली तरी ती कपाटातच राहते. म्हणून पाठ केलेले रूप त्याच दिवशी तोंडी आले पाहिजे. ते जेवताना, देवासमोर आरतीस उभे असताना आणि गावी आत्याशी फोनवर बोलताना यावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांना मराठी शिकवण्याची चिंता नव्हती. मराठी माणसे एकत्र आणण्याची होती. पुढील पन्नास वर्षांत पहिली चिंता भाषेचीच राहील, असे आम्हांस वाटते. मंडळाने आपल्या क्रियापदांची चार-चार रूपे एका पानावर छापून प्रत्येक घरी द्यावीत, मुलांच्या स्पर्धांत वेशभूषा व गायन यांच्या जोडीस रूपे म्हणण्याचाही एक क्रम ठेवावा, आणि परभाषक सुना-जावयांस त्यात अगत्याने बोलवावे, अशी सूचना या निमित्ताने करून ठेवतो. खर्च एका कागदाचा आहे. वेळ आठवड्यास अर्ध्या तासाचा आहे. मंडळाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत आजची मुले लिहितील, तेव्हा त्यांच्या लेखणीतून ‘आजीने सांगितले’ हे रूप सहज उतरो, हीच सुवर्णमहोत्सवाच्या शुभप्रसंगी सदिच्छा.